खटक्याचे तीन आवाज

१

बंदुकीतून गोळी सुटली आणि माणूस जखमी झाला, तर ते कुणालाही समजतं. पण नेमबाजी मंडळाच्या सरावगृहात बुधवारी सकाळी जे घडलं त्यात गोळी सुटलीच नव्हती. छर्रा अजून भरायचा होता. चिमणीने तो चिमटीत धरला होता आणि बंदुकीने तिचं बोट चावलं.

चिमणी म्हणजे मंडळाच्या कोठारवाल्याची मुलगी. चौदा वर्षांची, अंगाने काडी, पण नेम असा की मोठ्यांनी तोंडात बोट घालावं. डाव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. ते परत लावता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. जमिनीवर सांडलेले छर्रे शुक्रवारपर्यंत कुणी उचलले नव्हते. त्या कोपऱ्यात जायला कुणाचं मन धजत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी भिंगवाले तिथे आले. चाळीस वर्षं त्यांनी याच मंडळाच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव मागे राहिलं. ते आले ते धाकटीसाठी. धाकटी ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आता ती तिशीची होती, त्यांच्याच जागी काम करत होती, आणि उद्या संध्याकाळी पाच वाजता मंडळाची बैठक तिच्याविरुद्ध तक्रार करायचं ठरवणार होती. तक्रार झाली की परवाना जाणार. पुढे काय काय जाईल ते वेगळंच.

"काका, सोमवारी सात नंबर मीच दुरुस्त केली," धाकटी म्हणाली. डोळे जागरणाने सुजले होते, पण आवाज सरळ होता. "वॉशर बदलला, चाप तपासला. खटका तीनदा वाजला. मी माझ्या कानांनी ऐकलाय."

"मग?"

"मग बुधवारी तीच बंदूक सुटली. आता कोण विचारतंय माझ्या कानांना?"

२

इथे थोडं थांबून ही बंदूक समजून घेऊ. घाई नाही.

ही हवेची बंदूक. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकलला की आत कोंडलेली हवा कशी धक्का देते, तसंच इथे. उजव्या बाजूला एक लांब दांडी असते. ती मागे ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते, दट्ट्या मागे जाऊन चापाच्या आकड्यात अडकतो आणि नळीमागचं एक नळकांडं सरकून फट उघडते. त्या फटीत छर्रा ठेवायचा. म्हणजे बोट आत जाणार, आणि तेव्हा स्प्रिंग ताणलेली असणार. आकडा निसटला तर नळकांडं पुढे येतं आणि मध्ये काय आहे ते बघत नाही.

म्हणून दांडीला दातेरी पट्टी असते आणि पट्टीवर एक छोटा खटका. दांडी ओढताना खटका तीन दात ओलांडतो. कट, कट, कट. मग आकडा निसटला तरी खटका नळकांड्याला धरून ठेवतो. या मंडळातल्या मुलांना शिकवण होती, की तीन आवाज ऐकले की दांडी सोडायची आणि छर्रा भरायचा. भिंगवाल्यांच्या काळी दांडी सोडायचीच नाही असा नियम होता. पण लहान हातांना दोन्ही कामं जमत नाहीत म्हणून प्रशिक्षकांनी तो सैल केला.

प्रशिक्षकांना सगळे नुसतं सर म्हणत. शांततेचं त्यांना भारी वेड. सरावगृहात कुणी शिंकलं तरी ते वळून बघायचे. भिंगवाल्यांनी त्यांना विचारलं, की त्या दिवशी खटका वाजल्याचं त्यांनी ऐकलं का.

सर म्हणाले, की ते पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. चिमणीने बुधवारी त्यावर पाच छर्रे मारले होते, सहाव्याला ते घडलं. मधोमध एकच भोक होतं, जरासं रुंद.

"पाचही त्यातून गेले," सर म्हणाले. "सात नंबरने कधी असं मारलं नव्हतं हो. ती बंदूक नेहमी थोडी डावीकडे टाकते."

बाहेर पडताना चिटणीसबाईंनी भिंगवाल्यांना कोपऱ्यात घेतलं. बाई सरळ मनाच्या, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी सांगितलं, की सहा महिन्यांपूर्वी सर धाकटीच्या मागे लागले होते. खटक्यांचा कटकटाट बंद कर, मुलांचं लक्ष विचलित होतं, असं म्हणत होते. धाकटीने साफ नकार दिला होता.

"आता तिने ऐकलं असेल शेवटी," बाई म्हणाल्या. "किंवा तिने नाही तर सरांनी स्वतःच काही केलं असेल. मी म्हणत नाही, फक्त सांगतेय."

३

कोठारवाल्याचं घर दोन खोल्यांचं. तो मूळचा सुतार, आणि घरातली प्रत्येक लाकडी वस्तू त्याच्या हातची होती. चिमणी पलंगावर बसली होती. पट्टी बांधलेला हात ठेवायला बापाने तिला एक लाकडी टेकू करून दिला होता, मनगट बसेल असा खोलगट. लाकूड अजून ओलसर वासाचं होतं.

कोठारवाला बसला नाही. दारात उभा राहून बोलत राहिला. सात नंबर जशी खुंटीवर होती तशी काढून दिली, म्हणाला. यंत्राचं आपल्याला काही कळत नाही, धाकटीने काम नीट केलं असतं तर पोरीचं बोट शाबूत असतं. रविवारी संघाची निवड होती. आता कसली निवड. धाकटीवर तक्रार व्हावी यासाठी सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता, आणि त्याला कोण नावं ठेवणार?

भिंगवाले चिमणीजवळ बसले. "खटका किती वेळा वाजला, बाळ?"

चिमणीने आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तीन."

"नीट ऐकलेस?"

"मी मनात मोजले, आजोबा."

उठताना आधारासाठी भिंगवाल्यांचा हात टेकूवर पडला. खोलगट भागात बोटांना एक बारीक उभी रेघ लागली, गुळगुळीत लाकडावर केस पडावा तशी. त्यांनी सवयीने बोट दोनदा फिरवलं आणि निरोप घेतला.

रस्त्यावर ते स्वतःशीच पुटपुटत चालले. खटका मनात मोजत नाहीत. तो कानाने मोजतात.

४

सात नंबर चिटणीसबाईंच्या कपाटात मोहोरबंद होती. शनिवारी सकाळी बाईंनी मोहोर फोडली ती एका अटीवर. सर आणि त्या स्वतः समोर बसणार, आणि धाकटीने हात लावायचा नाही.

ही बंदूक जुनी. मंडळाने अशा सात एकदम घेतल्या होत्या, त्याही वापरलेल्या. कुणाच्याही अंगावर कारखान्याचं नाव उरलं नव्हतं. ओळख एवढीच, की दस्त्यावर, म्हणजे लाकडी भागावर, तापल्या सळीने आकडा डागलेला. हिच्या दस्त्यावर सात होता.

भिंगवाल्यांनी फटीत बोट घातलं नाही. खिशातून पेन्सिल काढली. दांडी हळूहळू मागे ओढली. खोलीत चौघं होते आणि चौघांचेही कान त्या दांडीकडे होते. एकही आवाज आला नाही. त्यांनी पेन्सिल फटीत ठेवली, दांडी सोडली आणि दस्त्यावर मुठीने एक हलकी थाप मारली.

पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. एक सरांच्या पायापाशी घरंगळत गेला. सरांनी पाय मागे घेतला.

मग भिंगवाल्यांनी स्क्रू सोडून लोखंड लाकडातून वेगळं केलं आणि दट्ट्या बाहेर ओढला. त्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर होता. काळाकुट्ट, कडेने चिरलेला. नखाने दाबल्यावर चुरा झाला.

"सोमवारी तू कुठला घातलास?" त्यांनी दारातल्या धाकटीला विचारलं.

"नवा, पिवळट. रात्रभर तेलात भिजवून. राहिलेलं चामडं अजून माझ्या खणात आहे."

"खोटं बोलत असेल," बाई म्हणाल्या, पण आवाजात आता पूर्वीचा जोर नव्हता.

"बाई, हे चामडं सोमवारचं नाही. सोमवारी नवं घातलेलं चामडं पाच दिवसांत वीस वर्षांचं होत नाही." भिंगवाले सावकाश, वर्गात बोलावं तसं बोलले. "म्हणजे हे लाकूड सात नंबरचं आहे, पण लोखंड नाही. आपण सगळ्यांनी आकडा लाकडाला दिला. लोखंडाला कुणी विचारलंच नाही की बाबा, तू कोण?"

सर ताडकन उभे राहिले. आपण बंदुकीला हात लावला नाही, आपल्याला साधा स्क्रू पिळता येत नाही, असं त्यांनी एका दमात सांगितलं. ते खरं असावं. सरावगृहातला पंखा गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यावर करकरत होता आणि शांततेच्या एवढ्या भोक्त्या माणसाला तोही दुरुस्त करता आला नव्हता.

भिंगवाले ऐकत नव्हते. त्यांनी नळकांडं उलटं केलं होतं आणि भिंग डोळ्याला लावलं होतं. दांडीच्या बिजागरीखाली तीन ठिपके होते, त्रिकोणात, लहान टोकदार पंच ठोकून मारलेले. खटका जागेवर होता, पण त्याला दातांवर दाबणारी तांदळाएवढी स्प्रिंग नव्हती.

"काका, काय दिसलं?" धाकटीने विचारलं.

असे ठिपके जगात एकच माणूस मारत असे, आणि तो ते आता भिंगातून बघत होता.

५

तीस वर्षांपूर्वी मंडळात एक नामी नेमबाज होता. खटक्याच्या आवाजाने त्याची तंद्री मोडायची. त्याच्या हट्टापायी भिंगवाल्यांनी तीन नंबरच्या खटक्याची स्प्रिंग काढली, चापही हलका केला आणि खूण म्हणून तीन ठिपके मारले. तो माणूस दांडी कधी सोडत नसे, म्हणून काही झालं नाही. तो मंडळ सोडून गेला. पुढे तीन नंबरचा दस्ता तडकला आणि बंदूक कोठारात मागच्या खुंटीवर गेली. तेव्हाच्या कोठारवाल्याला भिंगवाल्यांनी बजावलं होतं, की ही मुलांना द्यायची नाही. तोंडी बजावलं होतं. तो माणूस वारला आणि बजावणंही त्याच्याबरोबर गेलं. लिहून ठेवा, लिहून ठेवा असं चाळीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्याने ही एक गोष्ट लिहिली नव्हती.

हे सगळं त्यांनी धाकटीला कोठाराकडे जाताना सांगितलं. तिने त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

कोठारात दिवसाही दिवा लावावा लागे. मागच्या खुंटीवर तडकलेल्या दस्त्याची बंदूक होती. लाकडावर आकडा तीन. भिंगवाल्यांनी ती धाकटीच्या हातात दिली.

तिने दांडी ओढली. कट, कट, कट.

ती तिथेच खाली बसली आणि बुधवारनंतर पहिल्यांदा रडली. आत पिवळट नवा वॉशर असणार हे उघडून बघायची गरजही नव्हती, तरी त्यांनी उघडून पाहिलं. होता.

आता एकच प्रश्न उरला. अदलाबदल केली कुणी? किल्ल्या दोघांकडे, चिटणीसबाई आणि कोठारवाला. बाईंना बंदुकीचं पुढचं टोक कोणतं हेही कुणीतरी सांगावं लागे. पण भिंगवाल्यांना पुरावा हवा होता, अंदाज नको.

त्यांनी पिशवीतून सात नंबरचा रिकामा दस्ता काढून दिव्याखाली धरला. दोन्ही बंदुका एकाच घडणीच्या, तरी तीनचं लोखंड सातच्या खाचेत थोडं अडलं असणार. खाचेच्या एका कडेला लाकूड ताजं, पांढरं दिसत होतं. पटाशीने हलक्या हाताने तासलेलं, सुबक काम. आणि त्या पांढऱ्या पट्ट्यात एक बारीक उभी रेघ वर आली होती, गुळगुळीत लाकडावर केस पडावा तशी.

पटाशीच्या धारेला कुठे टवका उडाला असेल, तर तिने तासलेल्या प्रत्येक लाकडावर अशी रेघ राहते. भिंगवाल्यांनी बोट दोनदा फिरवलं. हीच रेघ काल या बोटाला लागली होती. पट्टीत गुंडाळलेल्या एका लहान हाताखाली.

"काका," धाकटी हळूच म्हणाली, "आता हे त्या घरात जाऊन कसं सांगणार?"

६

बैठकीला दोन तास होते. भिंगवाले आधी आपल्या घरी गेले, तिथून कोठारवाल्याकडे. तो अंगणात पाटावर बसून काहीतरी तासत होता. त्यांना पाहून त्याचा हात थांबला.

"ती पटाशी जरा बघू."

त्याने ती दिली. धारेच्या मधोमध तिळाएवढा टवका होता. भिंगवाल्यांनी अंगठ्याने चाचपला आणि पटाशी परत केली. बाकी काही बोलावं लागलं नाही.

कोठारवाल्याचा चेहरा एकाएकी म्हाताऱ्या माणसाचा झाला. मंगळवारी दुपारी केलं, म्हणाला. रविवारी निवड, आणि सात नंबर डावीकडे टाकते म्हणून पोर रोज उदास होऊन घरी यायची. तीनचा दस्ता तडकलेला, म्हणून तिचं लोखंड सातच्या लाकडात बसवलं. आवाज येत नाही हे चिमणीने सांगितलं होतं. सरांना शांतता आवडते म्हणून या बंदुकीचा आवाज बंद केलाय, तू मनात मोज, असं त्याने तिला सांगितलं. नंतर कुणाला बोलू नकोस असंही सांगितलं.

"धाकटीचं नाव का घेतलंस?"

"तिचं नसतं घेतलं तर माझं घ्यावं लागलं असतं, काका." तो पाटाकडे बघत होता. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. रात्रभर पोर कण्हते. मी बाजूला बसून दुसऱ्याला शिव्या देतो."

थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "तीन नंबरची नळी सरळ आहे, अशी नळी पुन्हा होणे नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. दोन वर्षांपूर्वी, बक्षीस समारंभात, चहा पिताना. मी तेव्हापासून लक्षात ठेवलं होतं."

भिंगवाल्यांना तो चहा आठवला. कौतुकाने ऐकणारी माणसं आठवली. नळीचं गुणगान त्यांनी रंगवून सांगितलं होतं. खटक्याचं तेवढं सांगायचं राहिलं होतं.

त्यांनी खिशातून एक कागदाची पुडी काढून पाटावर ठेवली. कागद पिवळा पडला होता. त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. काढलेला प्रत्येक भाग ते पुडीत बांधून, वर लिहून त्यात ठेवत. या पुडीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: तीन नंबर. खटक्याची स्प्रिंग. परत बसवणे.

"तीस वर्षं डब्यात होती," ते म्हणाले. "तू चूक केलीस ती एका दिवसाची. चल, पाच वाजत आले. आधी मी बोलतो."

बैठकीत ते आधी बोलले. पुडी टेबलावर ठेवून, काही न लपवता. ते खाली बसले. मग मागच्या बाकावरचा कोठारवाला आपण होऊन उठला आणि धाकटीकडे तोंड करून, भर सभेत, सगळं सांगून मोकळा झाला. सरांनी उभं राहून एवढंच म्हटलं, की दांडी सोडायची मुभा आपण दिली होती, तेही लिहून घ्या. चिटणीसबाईंनी लिहून घेतलं. तक्रारीचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला आणि दुरुस्तीच्या कारखान्याची काढून घेतलेली किल्ली धाकटीपुढे सरकवली. कोठाराची किल्ली कोठारवाल्याने स्वतःच टेबलावर ठेवली. ती त्याला परत घे असं कुणी म्हटलं नाही.

यातून चिमणीचं बोट परत आलं नाही. रविवारची निवड तिच्याविना झाली.

पंधरा दिवसांनी ती बापाबरोबर धाकटीच्या कारखान्यात आली. धाकटी सातही बंदुकांच्या लोखंडावर आकडे कोरत होती. तिने बापाकडे पाहिलं नाही, पण मुलीसाठी स्टूल पुढे ओढलं. भिंगवाले कोपऱ्यात तीन नंबर उघडून बसले होते.

"बाबा म्हणाले आत एक स्प्रिंग नव्हती," चिमणी म्हणाली. "केवढी असते ती?"

त्यांनी पुडी सोडून तिच्या उजव्या तळहातावर ठेवली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

"मी बसवू?"

दारातल्या बापाने तोंड फिरवलं. भिंगवाल्यांनी भिंग गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं आणि चिमटा तिच्या हातात दिला. तिला सवय नव्हती. स्प्रिंग दोनदा उडाली, दोनदा ते गुडघ्यांवर बसून शोधत राहिले. कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा ती बसली.

"आता ओढून बघू," चिमणी म्हणाली. तिचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला होता.

"तू फक्त ऐक," भिंगवाले म्हणाले. "दांडी मी धरतो. सोडणार नाही."

त्यांनी दांडी ओढली आणि तिने मोठ्याने मोजलं.